चकवा

पावसाळ्यात रात्री घाटकोपरच्या आमच्या गच्चीवर उभी राहिले की खाडीच्या बाजूने ढगांत आधी एक मंद, पिवळसर उजेड झिरपताना दिसतो, मग त्या उजेडाचे सुटे सुटे दिवे होतात आणि शेवटी विमानाचे पोट डोक्यावरून सरकत साकीनाक्याच्या दिशेने खाली उतरत जाते. या इमारतीत मी तीस वर्षे राहते आहे. घरातल्या कोणालाही आता तो आवाज ऐकू येत नाही, पाहुणे मात्र बोलता बोलता थांबतात. तरीही पाऊस जोराचा असेल तर मी आवर्जून गच्चीवर जाते, कारण आमच्या जुन्या चाळीतल्या तात्यांनी लहानपणी मला एक गोष्ट सांगितली होती. असल्फ्याच्या बाजूच्या टेकड्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "तिथं विमान आपटलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. असाच पाऊस होता."

मोठेपणी त्या घटनेची माहिती मी शोधली, आणि डोंगरांमध्ये विमान उतरवणे इतके अवघड का असते, हा प्रश्न तिथूनच मनात बसला. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचे 'फ्रानेकर' नावाचे कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईकडे येत होते. सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात, पावसाळी ढगांमध्ये, ते घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि विमानातले सर्व ४५ जण मरण पावले. इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार त्यांत होते. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर हे त्यांपैकी एक. ती टेकडी सातशे फुटांचीही नव्हती. आज तिच्या आसपास घरांची दाटी आहे, खालून मेट्रो जाते, आणि रोज तिथून प्रवास करणाऱ्या लोकांपैकी फारच थोड्यांना या गोष्टीची कल्पना असेल.

डोंगरातले विमानतळ म्हटले की आपल्याला लेह, काठमांडू, भूतानमधले पारो आठवते. मुंबईचा विमानतळ समुद्रकाठी, जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर आहे, त्यामुळे त्याचे नाव या यादीत कोणी घेणार नाही. पण विमान मुंबईला येते ते पुष्कळदा सह्याद्री ओलांडून, आणि सह्याद्रीने याची किंमत एकदा फार मोठी घेतली आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री सिडनीहून निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकमार्गे मुंबईला येत होते. ते जुन्नर भागातल्या दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर, माथ्याच्या अगदी जवळ आदळले. ९४ जण गेले. मुंबई तिथून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होती. तपासात निघालेला निष्कर्ष वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते: आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असे वैमानिकाला वाटत होते, त्यापेक्षा विमान बरेच मागे होते, आणि म्हणून त्याने वेळेआधी उंची सोडली. इंजिनात बिघाड झालेला नव्हता. विमान पूर्णपणे त्याच्या ताब्यात होते. त्याच्या मनातला नकाशा आणि खालची जमीन यांची मात्र फारकत झाली होती.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ही फारकत ओळखीची आहे. तिला आपल्याकडे चकवा म्हणतात. चकवा लागला की माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो, आणि त्याला आपण सरळ चाललो आहोत याची खात्री असते. काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही सहाजण नाणेघाटाच्या वरच्या पठारावर होतो. धुके असे उतरले की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. वाट डाव्या हाताला आहे, याबद्दल आमच्यात कोणाचेही दुमत नव्हते, आणि आम्ही सर्व मिळून ठामपणे चुकत होतो. आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेले घाटघरचे मामा थांबले आणि म्हणाले, "वाट गावत नसंल तर आल्या पावली मागं फिरायचं. अंदाजानं म्होरं जायाचं न्हाई." आम्ही मागे फिरलो, आणि अर्ध्या तासाने धुके क्षणभर विरले तेव्हा दिसले की ज्याला आम्ही वाटेची सुरुवात समजत होतो, तो कडा होता.

चकवा लागल्यावर एका जागी बसून राहावे आणि उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगतात. विमानाला बसता येत नाही. ते थांबले की पडते. त्याच्या बाबतीत बसून राहण्याचा एकच अर्थ संभवतो, आणि तो म्हणजे ताबडतोब वर जाणे, डोंगरांपेक्षा उंच, आणि मग विचार करणे.

या शहराचा आणि अशा अपघातांचा संबंध टेकड्यांवरच संपत नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ जण गेले आणि त्यांतले बहुतेक प्रवासी इंग्लंडात बोटीवर रुजू व्हायला निघालेले खलाशी होते. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहूनच निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हासाठी खाली येत असताना त्याच पर्वतावर, पहिल्या अपघाताच्या जागेजवळ आदळले. ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. विमानावरचे दिशा दाखवणारे एक उपकरण बंद होते, आपण माँ ब्लाँ ओलांडला आहे असे वैमानिकाला वाटले, आणि तसे नाही हे सांगणारा जिनिव्हाच्या नियंत्रकाचा संदेश त्याला हव्या त्या अर्थाने पोहोचला नाही. हिमनदी अजूनही त्या विमानाचे अवशेष परत देत असते. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी वर आली आणि २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्या छापलेली १९६६ ची वर्तमानपत्रे सापडली. मी ती छायाचित्रे पाहिली आहेत. चौपन्न वर्षे बर्फात राहूनही मथळे वाचता येत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. डोंगरातल्या धावपट्टीवर विमान उतरवणे नेमके कशामुळे अवघड असते? केवळ डोंगर आहेत म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. सपाट मुलखात विमान साधारण तीन अंशांच्या उताराने, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची कमी करत, सरळ रेषेत येते. धावपट्टीजवळच्या यंत्रांतून निघणाऱ्या रेडिओ लहरींची ती एक अदृश्य घसरगुंडी असते, आणि धुक्यातही वैमानिकाला ती धरून येता येते. डोंगरांमध्ये अशी लांब, सरळ, मोकळी जागाच पुष्कळदा नसते. काठमांडूचे त्रिभुवन विमानतळ १,३३८ मीटर उंचीवर, डोंगरांच्या वाटीच्या तळाशी आहे. दक्षिणेकडची रांग ओलांडल्यावर तिथे उतार पाच अंशांहून अधिक ठेवावा लागत आला आहे, म्हणजे दर किलोमीटरला नव्वद मीटरहून जास्त. एवढ्या उतारावर विमानाचा वेग आवरणे कठीण होते, आणि वेग आवरला नाही तर धावपट्टी अपुरी पडते.

हवाही विरळ होते, आणि याचा परिणाम सामान्य प्रवाशाच्या लक्षात येत नाही. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथे प्रमाणित हवामानातही हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच भरते. पंखांना पुरेसा आधार मिळावा म्हणून विमानाला जमिनीच्या हिशेबाने अधिक वेगाने यावे लागते: कॉकपिटमधला काटा मुंबईइतकाच वेग दाखवत असतो, पण मुंबईत ताशी २४० किलोमीटरने टेकणारे विमान लेहला सुमारे २८० किलोमीटरने टेकते, आणि ब्रेकना थोपवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढते. हवा तापली की हे आकडे आणखी वाढतात. त्याच विरळ हवेत इंजिनांची ताकदही घटलेली असते, म्हणजे उतरण्याचा बेत रद्द करून वर जायचे झाले तर नेमकी तेव्हाच ती कमी पडते. थंडीची तऱ्हा निराळी. उंची मोजणारे यंत्र खरे तर हवेचा दाब मोजते. गारठ्याने हवा आकसली की यंत्र दाखवते त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात खाली असते. चढण असलेली धावपट्टी दुरून पाहताना आपण फार वर आहोत असा भास वैमानिकाला होतो, आणि तो नकळत विमान गरजेपेक्षा खाली आणतो. काटा, डोळा, अंदाज, सगळेच थोडे थोडे खोटे बोलू लागतात. हाही चकवाच आहे.

१९९२ साली काठमांडूत दोन महिन्यांच्या आत जे घडले, ते मला या सर्व विषयाचे मर्म वाटते. ३१ जुलैला थाई एअरवेजचे एअरबस ए-३१० दक्षिणेकडून येत होते. फ्लॅप्समध्ये, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून बाहेर काढायच्या पट्ट्यांमध्ये, आलेली अडचण दूर झाली, पण तोवर विमान सरळ उतरण्याच्या दृष्टीने फार उंच राहिले होते. पुन्हा नव्याने सुरुवात करण्यासाठी दक्षिणेकडे जायचे असताना, वळणाच्या आणि बोलण्याच्या गोंधळात, ते उत्तरेकडे जात राहिले. विमानतळावर तेव्हा रडार नव्हते, त्यामुळे विमान दक्षिणेला आहे असे धरून चाललेल्या नियंत्रकाला ते दिसू शकले नाही. ११३ जण गेले. २८ सप्टेंबरला पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० आले. काठमांडूला तेव्हा पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे लागे: अमुक अंतरावर अमुक उंची, पुढच्या अंतरावर त्याखालची. या विमानाने प्रत्येक पायरी एक टप्पा आधीच घेतली. अंधारात जिना उतरताना एक पायरी मोजण्यात चुकावी, इतकी ती साधी चूक होती, आणि या अंतरांच्या नि उंचींच्या तक्त्याची मांडणीही किचकट होती. १६७ जण गेले. दोन्ही विमाने धडधाकट होती आणि दोन्ही विमानांचे कॅप्टन अनुभवी होते.

ही चूक माणसाच्या हातून होणारच, हे गृहीत धरून ज्यांनी काम केले, त्यांच्याविषयी मला विलक्षण कृतज्ञता वाटते. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र विकसित केले. १ डिसेंबर १९७४ रोजी व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचे विमान आदळून ९२ जण गेल्यानंतर अमेरिकेने ते प्रवासी विमानांना सक्तीचे केले. त्यात एक उणीव होती: ते थेट खालची जमीन मोजत असे, आणि समोर उभा ठाकलेला कडा त्याला वेळेत कळत नसे. काठमांडूच्या त्या सप्टेंबरमध्ये असेच झाले. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या काली शहराजवळ तर विमानातल्या संगणकात 'आर' हे एकच अक्षर टाइप केल्यामुळे मार्ग दाखवणारी भलतीच खूण निवडली गेली आणि विमान आपणहून डोंगरांकडे वळले. इशारा झाला, वैमानिकांनी विमान वर उचललेही, पण वेग कमी करण्यासाठी उघडलेल्या पंखांवरच्या पट्ट्या उघड्याच राहिल्या होत्या. १५९ जण गेले. बेटमन यांच्या गटाने पुढे जगभरच्या भूभागाचा उंचीनिशी नकाशाच यंत्रात घातला आणि त्यासाठी विसर्जित झालेल्या सोव्हिएत संघाचे लष्करी नकाशेही मिळवले. आता यंत्र पुढे पाहते आणि डोंगर एखादा मिनिट दूर असतानाच बोलू लागते. वर जा, असे ते सांगते. कॉकपिटमध्ये घाटघरचे मामा बसवल्यासारखेच ते आहे, आणि हे मी अतिशय आदराने म्हणते.

उपग्रहांच्या आधाराने दरीच्या वळणांप्रमाणे वळत जाणारा मार्ग आखण्याची पद्धतही आली. अलास्कातल्या जूनो इथे, जिथे १९७१ साली १११ जणांचा बळी गेला होता, १९९६ मध्ये ती प्रथम वापरात आली. पुढे ती हिमालयातही पोहोचली.

पण मागे फिरण्याचा इशारा कानी पडणे आणि प्रत्यक्ष मागे फिरणे यांच्यात एक अंतर असते, आणि ते कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान फार उंचावरून आणि फार वेगाने आले. सहवैमानिकाने उतरण्याचा बेत रद्द करा, असे तीनदा सुचवले. यंत्रही ओरडत होते. कॅप्टनने विमान टेकवले, धावपट्टी संपली, आणि १५८ जण गेले. या अपघाताच्या अहवालापाशी मी प्रत्येक वेळी अडखळते, कारण आपल्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत मोठ्यांना अडवायचे नसते, हे आपण मुलांना किती निगुतीने शिकवतो. सहवैमानिक बोलला होता. ज्येष्ठाच्या हातून विमान आपल्या ताब्यात घेण्याइतके बळ त्याला कोणी द्यायला हवे होते, याचे उत्तर केवळ विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांत मिळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मी, ताई आणि भाऊजी लेहला निघालो होतो. मुंबईहून रात्री दिल्ली, तिथून पहाटेचे विमान. लेहची बहुतेक विमाने सकाळीच असतात, कारण ऊन चढू लागले की सिंधूच्या खोऱ्यात वारे उठतात. आमचे विमान दिल्लीत दोन तास रखडले. खोऱ्यात शिरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. खिडकीतून तपकिरी कडे इतके जवळ दिसत होते की त्यांवरच्या पायवाटा मोजता याव्यात. टेकडीवरचा स्पितुकचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दिसला, त्याच्या पलीकडे धावपट्टीचा टोकाकडचा भागही दिसला, आणि इतक्यात इंजिनांचा आवाज भरून आला, विमानाचे नाक वर झाले आणि आम्ही वळून चढू लागलो. मागच्या रांगेतल्या डोंबिवलीच्या काकांनी न राहवून विचारले, "अहो, धावपट्टी दिसत होती की! मग उतरायला काय झालं?" भाऊजींनी जीपवाल्याला आगाऊ पैसे दिले होते. ताईने माझा हात घट्ट धरला होता. थोड्या वेळाने कॅप्टनने शांत आवाजात सांगितले की पाठीमागून येणारा वारा मर्यादेबाहेर गेला आहे आणि आपण दिल्लीला परत जात आहोत.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या धावपट्टीच्या रचनेतच आहे. ती पूर्वेकडे चढत जाते आणि पुढे डोंगर आहेत, म्हणून विमाने पश्चिमेकडून उतरतात आणि पश्चिमेकडेच उडतात. दुपारचा वारा खोऱ्यातून वर चढतो, म्हणजे उतरणाऱ्या विमानाच्या पाठीत बसतो. आणि दुसऱ्या बाजूने येण्याची सोय नाही. त्याशिवाय, एका विशिष्ट बिंदूनंतर दरी इतकी अरुंद होते की एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकाच्या बळावर वळून बाहेर पडता येईलच याची शाश्वती राहत नाही. म्हणून निर्णय त्या बिंदूच्या आधी घ्यावा लागतो, धावपट्टी समोर दिसत असतानाही घ्यावा लागतो. लेहला विमान नेणाऱ्या कॅप्टनला यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. विमानतळ दिसणे आणि तिथे सुखरूप थांबता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी पोटातून कळले.

दिल्लीत सामानाच्या पट्ट्याभोवती लोक फार चिडले होते. त्यांचा राग मला समजत होता. सुट्ट्या मोजक्या असतात, पैसे कष्टाचे असतात, आणि कोणी नीट माहिती देत नव्हते, ही तक्रारही खरी होती. पण त्या कॅप्टनने इंधनाचा, दुसऱ्या दिवशीच्या जागांचा, दीडशे माणसांच्या नाराजीचा आणि वरिष्ठांच्या संभाव्य प्रश्नांचा भार मनावर असताना काही सेकंदांत तो निर्णय घेतला होता. आपण प्रवासी म्हणून जितका आरडाओरडा करतो, तितके ते वजन पुढच्या खेपेला आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या विमानाने आम्ही गेलो आणि अगदी सहज उतरलो. डोंबिवलीचे काका खाली उतरताना दारापाशी क्षणभर थांबले, कॉकपिटच्या दिशेने त्यांनी हात जोडले, आणि पुढे झाले.

या वर्षी आषाढात एका रात्री नऊच्या सुमारास मी गच्चीवर होते. पाऊस इतका की समोरची इमारत दिसत नव्हती. ढगांत नेहमीचा पिवळा उजेड झिरपला, खाली आला, आणि मग आवाज बदलला. तो उतरण्याऐवजी भरत गेला, उजेड वर वर जाऊन दिसेनासा झाला. आत टीव्हीसमोर कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. मी छत्री घेऊन उभी राहिले. बावीस मिनिटांनी पूर्वेकडे पुन्हा एक उजेड दिसू लागला.